वरच्या आळीला पाणी का चढत नाही?

प्रश्न : आमच्या कॉलनीत एक दिवसाआड तासभर पाणी येतं. उतारावरच्यांच्या टाक्या भरून वाहतात, वरच्या आळीत जेमतेम दोन हंडे. वेळ सगळ्यांना एकच; मग असं का? संगणकावर हे आधी कळत नाही का?

उत्तर : कळतं. पण फार वर्षं गणितच उलटं मांडलं जायचं. माणशी ठरावीक लिटर पाणी घरोघरी पोचलं असं धरायचं आणि मग दाब काढायचा. पाणी अपुरं असलं की उत्तरात दाब उणे यायचा. कागदावर पुरवठा चोख, नळाला नुसती फुसफुस! जेवढा दाब तेवढंच पाणी, हा विचार नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. प्रमोद भावे यांनी १९८१ मध्येच मांडला होता. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ईपानेट’ या मोफत अमेरिकी सॉफ्टवेअरमध्ये मात्र ही सोय २०२० च्या २.२ आवृत्तीत आली. चोवीस तास नळ असणाऱ्यांना घाई कशाला असेल म्हणा!

आता तुमची कॉलनी. उघड्या नळाची धार दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. खाली १६ मीटर (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला) दाब आणि वर ४ मीटर असेल, तर तेवढ्याच नळातून खाली दुप्पट पाणी पडतं. त्यात रिकामी लाइन आधी भरावी लागते, आतली हवा निघावी लागते. वरच्यांचा तास उशिराच सुरू होतो. खाली सगळे एकदम पाणी ओढत असल्यानं बराच दाब घर्षणातच जिरतो. कुणी थेट लाइनला मोटर लावली, तर उरलासुरलाही जातो.

म्हणून तुटक पुरवठ्याच्या संगणकी प्रतिमानात डोकी मोजून भागत नाही. कुणाची टाकी केवढी, ती कधी भरते आणि भरल्यावर नळ बंद होतो का, हे घालावं लागतं. खालच्या टाक्या बंद झाल्या की लाइनीतला दाब वाढतो आणि वरच्यांची पाळी येते. टाकी वाहतच राहिली, तर ती पाळी येतच नाही.

तेव्हा नुसता अर्धा तास वाढवून मागू नका. त्यातलं बरंचसं गटारात जाईल. खालच्या प्रत्येक टाकीला बॉलकॉक बसवून घ्या, आणि वरच्या आळीसाठी व्हॉल्व्हची वेगळी वेळ मागा.