मुंबईची उपनगरी रेल्वे : एका भूगोल-पाठाची तयारी

वाहतुकीची साधने हा घटक शिकविताना मुंबईच्या लोकल गाडीचा उल्लेख आपण बहुधा एका वाक्यात उरकतो. "मुंबईत लोकल गाड्या आहेत व त्यांत फार गर्दी असते," एवढे सांगून पुढे गेल्यास विद्यार्थी ते वाक्य पाठ करतो, परंतु त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. आपल्या जिल्ह्यातील मुलांचा रेल्वेशी परिचय बेताचाच आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद मार्गावरची शकुंतला आता बंद आहे. ती आजी-आजोबांच्या बोलण्यातच उरली. वणीकडील मुलांना कोळशाच्या वाघिणी ठाऊक असतात. कळंबच्या मुलांनी वर्ध्याहून आलेला नवा मार्ग 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेला पाहिला. अशा मुलांपुढे लोकल उभी करावयाची, तर शिक्षकाने थोडी पूर्वतयारी केली पाहिजे.

आरंभ कापसापासून करावा, असे आम्हांस वाटते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोहोचला. आपल्या लोकांना जवळचे असलेले धामणगाव स्टेशन त्याच मार्गावर आहे. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून याच मार्गाने मुंबईच्या बंदराकडे व गिरण्यांकडे गेला. मुंबईत गिरण्या वाढल्या, कामगार आले, आणि त्यांना घरून कामावर नेण्याचा प्रश्न उभा राहिला. आपल्या शेतातील बोंडाचा व मुंबईच्या गर्दीचा असा जुना संबंध आहे, हे कळताच मुले पाठात रस घेऊ लागतात.

पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. अंतर 21 मैल, म्हणजे सुमारे 34 किलोमीटर. डबे 14, इंजिने 3, आणि निमंत्रित पाहुणे सुमारे 400. रेल्वे व्हावी म्हणून ज्या मुंबईकर पुढाऱ्यांनी खटपट केली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव मुलांना अवश्य सांगावे. विजेवर चालणारी पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. विजेमुळे गाडी चटकन वेग घेते व चटकन थांबते. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबावयाचे असल्यास हा गुण मोलाचा. सनावळीचा याहून अधिक भार मुलांवर घालू नये.

आता मुख्य प्रश्न. गर्दी का होते? येथे नकाशा काढावाच. मुंबई ही दक्षिणोत्तर लांब व पूर्वपश्चिम अरुंद भूमी. फार काळ बंदर, कचेऱ्या व गिरण्या दक्षिणेकडे होत्या. वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत गेली. चर्चगेटहून विरार 60 किलोमीटर, मुंबईहून कल्याण सुमारे 54. सकाळी सर्वांस एकाच दिशेने जावयाचे व संध्याकाळी उलट यावयाचे. नळीचे तोंड अरुंद असून पाणी एकाच वेळी सोडावे, तशी ही स्थिती आहे.

गर्दीचे माप मुलांना हाताने घेऊ द्यावे. अंगणात फक्कीने एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौरस आखावा. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एवढ्या जागेत 14 ते 16 माणसे उभी असतात, असे रेल्वेच्या नियोजनकारांचे माप आहे. मुलांना चौरसात दाटीने उभे करू नये. त्याऐवजी चपलांचे 16 जोड मांडण्यास सांगावे. नंतर फळ्यावर गणित घ्यावे : 10,000 चौरस सेंटिमीटर भागिले 16, म्हणजे एकाच्या वाट्याला 625. हा 25 सेंटिमीटर बाजूचा चौरस झाला. आपली पाटी त्याच्याशी ताडून पाहावी. तेवढ्या जागेत एक प्रौढ मनुष्य, त्याचा डबा व छत्री, आणि प्रवास तास-दीड तासाचा!

दुसरे गणित वरच्या वर्गास द्यावे. नऊ डब्यांच्या गाडीत सुमारे 1,700 प्रवाशांची सोय धरलेली असे. गर्दीच्या वेळी तीत 4,500 चढत. दर तीन मिनिटांनी गाडी सुटल्यास तासाला 20 गाड्या व 90,000 माणसे जातील. तेच अंतर चार मिनिटांचे झाले, तर गाड्या 15 व माणसे 67,500. एका मिनिटाने साडेबावीस हजार माणसे फलाटावर उरली! कोणी विनाकारण साखळी ओढली, तर त्याची किंमत किती, हे मुले स्वतःच सांगतील. आता नऊऐवजी बारा डबे जोडावेत. तेच 4,500 लोक विभागले, तर दर डब्यात 500 ऐवजी 375 येतील. मुंबईत हेच केले गेले. प्रथम बारा व पुढे काही गाड्यांस पंधरा डबे झाले. मात्र डबे वाढविले की फलाट लांबवावे लागतात, आणि दोन्ही बाजूंस इमारती खेटून उभ्या असलेल्या स्टेशनात ते काम सोपे नसते.

सुधारणेची इतर अंगे थोडक्यात सांगावीत. मुंबईतील 1,500 व्होल्टची जुनी वीजव्यवस्था टप्प्याटप्प्याने 25,000 व्होल्टची झाली. हे काम 2016 मध्ये पुरे झाले. ठाणे व दिवा यांच्या दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांना निराळी वाट मिळाली. लोहमार्ग दक्षिणोत्तर असल्यामुळे आडव्या प्रवासाची अडचण होती. 2014 साली सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने ती काहीशी दूर केली. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली.

परंतु केवळ गाड्या वाढविल्याने प्रश्न सुटत नाही, आणि हे प्रौढांनाही चटकन उमगत नाही. गिरणगावातील गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या व त्या जागी कचेऱ्यांच्या उंच इमारती आल्या. माणसे अनेक पटींनी वाढली; स्टेशनाचा जिना मात्र अरुंदच राहिला. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी पाऊस आला. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावर लोक खोळंबले आणि चेंगराचेंगरीत 23 जण मृत्युमुखी पडले. पुढे लष्कराने तेथे नवा पूल बांधून दिला. जिना हा रेल्वेचाच भाग आहे, ही साधी गोष्ट समजण्यास एवढी किंमत पडावी, हे दुःखद होय.

दाराचेही तसेच. लोकलचे दार उघडे असते. आत जागा नसली की लोक दारात लोंबकळतात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातील प्रवासी खाली पडले व काहींचा प्राण गेला. दार मिटावे, तर आत हवा खेळती हवी. म्हणून मिटत्या दारांच्या गाड्या प्रथम वातानुकूलित आल्या. पहिली 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम मार्गावर धावली. तिचे भाडे अधिक असल्याने मजुरी करणाऱ्यास ती परवडत नाही. आमच्या मते साध्या डब्यांस हवा व मिटते दार दोन्ही देणे, हे काम अग्रक्रमाचे आहे. 2023 व 2024 या दोन्ही वर्षी मुंबईच्या लोहमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत रूळ ओलांडताना गेलेल्यांची संख्या सर्वांत मोठी. येथे वर्गात थोडे थांबावे. ज्या गावांत आता नवा मार्ग येत आहे, तेथील मुलांना पुलावरून किंवा फाटकातूनच जाण्याची सवय आजपासून लावावी.

गर्दीतही माणसे सलोख्याने कशी राहतात, हे सांगितल्याशिवाय पाठ पुरा होत नाही. तीन जणांच्या बाकावर चौथ्यास टेकण्यापुरती जागा दिली जाते. तिला तेथे 'चौथी सीट' म्हणतात. उभा असलेला बसलेल्याला "कुठे उतरणार?" असे विचारतो आणि ती जागा त्याची ठरते. पिशवी पाठीवर न ठेवता पोटाशी धरतात. रोज एकाच डब्यात भेटणारे लोक भजन म्हणतात. स्त्रियांच्या डब्यात परतीच्या वाटेवर भाजी निवडली जाते. केवळ स्त्रियांसाठी पूर्ण गाडी 1992 मध्ये चर्चगेट-बोरीवली मार्गावर सुरू झाली. सामानाच्या डब्यातून डबेवाले आपली पेटारी नेतात.

ज्या मुलांचे काका-मामा कामासाठी मुंबईस गेले असतील, त्यांना पत्र लिहून पुढील माहिती मागविण्यास सांगावे : घर कोणत्या स्टेशनाजवळ, काम कोणत्या स्टेशनाजवळ, गाडी किती वाजता, बसावयास जागा मिळते की नाही. उत्तरे येतील तशी ती स्टेशने भिंतीवरील नकाशात लाल खडूने दाखवावीत.