खोडदच्या जाळीदार तबकड्या

माझे वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर जुन्नर तालुक्यात जात असत. तेथे कामावर असताना त्यांना दूरवर अवाढव्य तबकड्या दिसत. घरी परतल्यावर ते म्हणत, "एवढं मोठं ताट, अन् सगळं भोकाभोकाचं! त्यात काय ऱ्हाईल?" हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. तरीही या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते विद्यार्थी बंधुभगिनींसमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

त्या तबकड्या म्हणजे खोडदची 'जी.एम.आर.टी.' ही महाकाय रेडिओ दुर्बीण होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तेथे आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, आणि उरलेल्या 16 इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. 4 ऑक्टोबर 2001 रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

प्रथम तबकडीचे कार्य पाहू. तिचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा असतो. समोरून समांतर आलेल्या लहरी या पृष्ठभागावर आपटून एकाच बिंदूवर, नाभीवर, एकत्र येतात. तेथे ग्राहक बसविलेला असतो. आपल्या छपरावरची टी.व्ही.ची डिश आणि मोबाईलच्या मनोऱ्यावरील पांढरे गोल ढोल याच तत्त्वावर चालतात. फरक आहे तो लहरींच्या लांबीचा.

आणि सारे रहस्य या लांबीतच आहे. तबकडीचा पृष्ठभाग किती अचूक हवा, हे येणारी लहर ठरविते. पृष्ठभागातील उंचसखलपणा लहरीच्या लांबीच्या सोळाव्या-विसाव्या भागापेक्षा कमी असला, म्हणजे काम चांगले भागते. प्रकाशाची लहर इतकी सूक्ष्म, की तिच्यासाठीच्या आरशातील चूक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी ठेवावी लागते. छपरावरील डिशसाठी येणारी सूक्ष्मलहर सुमारे अडीच सेंटिमीटरची. म्हणून ती डिश सलग पत्र्याची असते. खोडदला मात्र मुख्यतः 21 सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंतच्या लहरी टिपावयाच्या आहेत. त्यांना 10 ते 20 मिलिमीटर चौकोनांची तारेची जाळीही आरशासारखीच! लहर तारांवर आपटली, की तारांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि लहर परत फेकली जाते. छिद्रे तिच्या मानाने लहान असल्याने त्यांतून फारच थोडा भाग निसटतो. वारा मात्र आरपार जातो.

हा वाराच खरा शत्रू. 45 मीटर व्यासाची सलग पत्र्याची तबकडी उभारली, तर वादळात ती पेलण्यासाठी प्रचंड लोखंड लागेल. जाळीमुळे वजन आणि वाऱ्याचा रेटा दोन्ही घटतात. शिवाय जाळीला बाक देण्याचीही युक्ती आहे. 16 बाकदार चौकटींमध्ये पोलादी दोर ताणून त्यांवर जाळी बांधली आहे. बाज विणताना सुंभ ताणतात, तसेच म्हणा ना! लहान लहान सपाट तुकड्यांतून मोठा बाक साधला आहे.

ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप (1929-2020) यांची. 1965 मध्ये त्यांनी आपल्याच महाराष्ट्रात, कल्याणजवळ, ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या 32 छोट्या तबकड्या मांडून सूर्याचा अभ्यास केला. 1970 मध्ये त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण उभारली. खोडद हे त्यापुढचे पाऊल.

आता कार्यक्षमतेचा हिशेब. एका तबकडीचे तोंड सुमारे 1,590 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 16 गुंठे. तीसही तबकड्यांचे मिळून पावणेबारा एकरांचे रान झाले. पण सगळेच पिकत नाही. लांब लहरींसाठी सुमारे 60 ते 65 टक्के क्षेत्र उपयोगी पडते. 21 सेंटिमीटरच्या आसपास पृष्ठभागाच्या चुका आणि जाळीतील गळती जाणवू लागते, आणि ते सुमारे 40 टक्क्यांवर येते. स्वस्ताईची किंमत ती हीच. ती किती मोजावयाची, हे रचनाकाराने आधीच ठरविलेले असते. बारकावा पाहण्याची शक्ती मात्र अंतरातून येते. तबकड्या एकमेकींपासून 25 किलोमीटरपर्यंत पसरल्याने सर्व मिळून तेवढ्या रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतके बारीक पाहतात.

हे सारे आपल्या जिल्ह्यालाही परके नाही. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे 'लायगो-इंडिया' या गुरुत्वलहरी वेधशाळेस केंद्र सरकारने 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तेथे तबकड्या नसतील. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेसर प्रकाश धावेल. पण दोन्ही यंत्रे एकमेकांस पूरक आहेत. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वलहरी परदेशातील वेधशाळांना मिळाल्या. त्यानंतर खोडदच्या तबकड्यांनीही त्या स्थानाकडे वळून रेडिओ लहरींचा वेध घेतला.

वडिलांना मी हे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी चाळणीगत. ज्वारी ऱ्हाती, माती जाती." उपमा शास्त्रशुद्ध नव्हे; पण छिद्राचे माप कशावरून ठरवायचे, हे मर्म त्यांनी नेमके पकडले. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याने विचारलेला प्रश्न रचनाकाराचाच होता. दुधाळ्याचे काम पुढे सरकेल तसे असे प्रश्न आपल्या गावांतूनही उठतील. त्यांना हसण्यापेक्षा उत्तर शोधून द्यावे, एवढे तर आपण कला शाखेचे विद्यार्थीही करू शकू.