शीर्षकापासून सुरू होणारे हसू : गिरगावच्या बालरंगभूमीतील विनोदाची भाषा

मराठी बालसाहित्याच्या विवेचनात विनोदाला बहुधा दुय्यम स्थान मिळते. संस्कार, बोध आणि ज्ञानरंजन यांची चर्चा विस्ताराने होते आणि अखेरीस 'विनोदाची पखरणही आढळते' एवढी नोंद करून समीक्षक मोकळा होतो. विनोद म्हणजे उपदेशाच्या गोळीवरील शर्करावगुंठन, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात छापील बालपुस्तकांऐवजी गिरगावात उदयास आलेल्या बालरंगभूमीचा विचार केला आहे. विनोदाचे मूळ द्रव्य तेथे अधिक उघडपणे हाती लागते, असे आमचे मत आहे.

१९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने १९५९ मध्ये 'मधुमंजिरी' हे बालनाट्य रंगभूमीवर आले. केळेवाडीतील संघाचे आजचे नाट्यगृह त्यानंतर, १९६४ साली उभे राहिले. दिग्दर्शिका सुधा करमरकर (१९३४–२०१८) या संघाच्या नाट्यकार्याशी निगडित असलेल्या तात्या आमोणकर यांच्या कन्या. गुरू पार्वतीकुमार यांच्याकडे त्यांनी भरतनाट्यमचे शिक्षण घेतले होते आणि अमेरिकेतील बालरंगभूमीही जवळून पाहिली होती. नाटककार रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी तेव्हा जेमतेम विशी गाठली होती. मुलांसाठी नाटके त्यापूर्वीही लिहिली गेली होती. अत्र्यांचे 'गुरुदक्षिणा' शाळाशाळांतून होत असे. परंतु शालेय संमेलनातील नाटकात मुले रंगमंचावर असतात आणि कौतुक करणारे पालक समोर. करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'ने मुलाला प्रेक्षकाचे आसन दिले आणि त्याच्यासाठी मोठ्यांनी कष्ट घ्यावेत असा आग्रह धरला. विनोदाच्या दृष्टीने हा बदल मूलगामी ठरतो. आपल्यासाठी कोणी मोठे माणूस वेडेविद्रे होत आहे, ही जाणीवच मुलाला पहिले हसू देते.

'मधुमंजिरी'त करमरकर यांनी स्वतःकडे चेटकिणीची भूमिका घेतली. नृत्याची तालीम घेतलेल्या, संस्थेच्या सूत्रधार असलेल्या अभिनेत्रीने कुरूप व्हायचे ठरवावे, ही निवड अर्थपूर्ण आहे. पुढे मतकरींनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही आपली संस्था काढली. त्यांच्या 'अलबत्त्या गलबत्त्या'त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले, आणि २०१८ च्या पुनरुज्जीवित प्रयोगांत वैभव मांगले. येथे मराठी रंगभूमीच्या स्त्रीपार्टाच्या परंपरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. बालगंधर्वांच्या भूमिकेत पुरुष असल्याचा विसर पडणे हे यश मानले जाई. चिंची चेटकिणीच्या बाबतीत तो विसर न पडणे हीच गंमत. भय दाखवायचे, पण त्याची शिवण उघडी ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

भयाची ही छाटणी नावापासून सुरू होते. 'चिंची' हे चेटकिणीला शोभणारे नाव नव्हे. ते चाळीच्या गॅलरीत एखाद्या पोरीला मारावयाच्या हाकेसारखे आहे. त्यात चिंचेचा आंबटपणाही ऐकू येतो. 'निम्मा शिम्मा राक्षस' या मतकरींच्या दुसऱ्या शीर्षकात तर राक्षसाचे मापच काढलेले आहे. 'निम्माशिम्मा' म्हणजे अर्धामुर्धा. जो पुरता नाही, त्याला पुरते भिण्याचे कारण उरत नाही. 'अलबत्या गलबत्या' हा बोलीतला शब्दप्रयोग ज्याची दखल घेण्याचे कारण नाही अशा माणसासाठी योजला जातो. अमुक काम अलबत्या गलबत्याचे नव्हे, असे मोठी माणसे मुलांनाच ऐकवीत असतात. मतकरींनी तीच हेटाळणी उचलून तिला नाटकाच्या शीर्षस्थानी बसविले. हा विनोद कथानकाला चिकटविलेला नसून भाषेत मुळातच असलेल्या उतरंडीची उलथापालथ करतो, हे लक्षात घ्यावयास हवे.

'लिटल थिएटर'च्या इतर शीर्षकांतही हीच दृष्टी आढळते. 'कळलाव्या कांद्याची कहाणी' या नावात कळलावी नामक वनस्पतीचा कंद, कळ लावणारा माणूस आणि स्वयंपाकघरात डोळ्यांना पाणी आणणारा कांदा असे तिघे एकत्र नांदतात. शिवाय 'कहाणी' हा शब्द श्रावणातल्या व्रतकथांचे गांभीर्य घेऊन येतो आणि कांद्यापाशी फजीत होतो. 'अलीबाबाचे खेचर आणि एकोणचाळिसावा चोर' ही तर वाचनाची परीक्षाच म्हणावी लागेल. ज्याला चाळीस चोर ठाऊक आहेत त्यालाच शेवटच्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या त्या उपेक्षित चोराचे हसू येईल. 'सिनसिनाकी बुबलाबू'ला अर्थाचे ओझेच नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'वयं मोठं खोटम्' या बालनाट्याचे शीर्षकही याच कुळातले. 'वयं' हे संस्कृत सर्वनाम की मराठी 'वय', याचा निवाडा होण्यापूर्वीच हसू फुटते. याउलट 'सिंड्रेला' किंवा 'स्नोव्हाइट आणि सात बुटके' ही परकी नावे जशीच्या तशी राहिली. त्या नाटकांचे आकर्षण मोठे असेल, पण आमच्या विषयाच्या दृष्टीने ती नावे मुकी आहेत.

या विनोदाची एक मर्यादा मान्य करणे भाग आहे. तो शब्दाच्या चलनावर जगतो. 'अलबत्या गलबत्या' हा वाक्प्रचार ज्या घरात कधी उच्चारलाच गेला नाही, तेथील मुलाला अलबत्त्या व गलबत्त्या ही केवळ दोन नावे वाटतात. प्रयोग त्याला हसवतो, चेटकिणीच्या चाळ्यांवर तो खूष होतो. शीर्षकातला डाव मात्र निसटतो. गिरगावातील मराठी कुटुंबे उपनगरांकडे पांगली आणि मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली. पुनरुज्जीवनाला गर्दी होते, यावरून विनोद संक्रमित झाला असे अनुमान काढणे म्हणूनच धाडसाचे होईल. येथे नुकसान नाट्यसंस्थेचे नसून भाषेचे आहे, आणि त्याची मोजदाद तिकीटविक्रीवरून होणार नाही.

पदव्युत्तर वर्गात ही नाटके बालसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेपुरती 'आशय–अभिव्यक्ती–बोध' अशा तीन रकान्यांत भरली जातात, हे आम्ही अध्यापक या नात्याने स्वतःही केलेले आहे. 'हं हं आणि हं हं हं' या लिटल थिएटरच्या शीर्षकाने आमची अडचण केली. ते फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग गप्प होता. मग ते उच्चारावयास सांगितले. एकीचा 'हं' होकाराचा निघाला, दुसऱ्याचा संशयाचा, तिसऱ्याने तर बापाच्या सुरात दम भरला. आणि चौथ्याची पाळी येईपर्यंत आशयाचा रकाना कोरा ठेवून सारा वर्ग हसत होता.