कूलर विकण्याआधी

नागपूर, फेब्रुवारी

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. जुना कूलर भंगारात घालून हप्त्यांवर एसी घ्यायचं तुमच्या मनात आहे आणि कंपनी तेवढी मी सुचवायची, असं तू म्हणतेस. कंपनीचं नंतर बघू. त्याआधीची कामं फेब्रुवारीतच व्हायला हवीत, कारण होळी झाली की अकोल्यात मिस्त्री हाताला लागत नाही.

तुझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत ती उष्णता खाली खोलीत सोडत राहतो. त्या खोलीत एसी लावलास तर त्याची बरीचशी ताकद छताशी झगडण्यात जाईल आणि बिल तू भरशील. म्हणून पहिला पैसा गच्चीवर खर्च कर. गच्ची खरवडून, भेगा बुजवून उन्हाळी पांढऱ्या रंगाचे दोन हात दे. तेवढं जमत नसेल तर चुना चालेल, फक्त तो पावसात धुऊन जातो आणि दर साली मारावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीला ताटी किंवा हिरवी जाळी बाहेरून बांध. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं.

आता कूलर. आपल्या वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्याला याच्याइतकं स्वस्त आणि मुबलक गारवा देणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. एक लिटर पाणी उडून जाताना हवेतली जी उष्णता घेतं, ती विजेच्या हिशेबात साधारण दोन तृतीयांश युनिट भरते. तासाला आठ लिटर पाणी पिणारा कूलर म्हणजे किती मोठं काम करतो बघ! आणि वीज लागते ती पंखा आणि पंपापुरती, दोनशे वॉटच्या आसपास. बाहेर 44 अंश आणि हवेत ओल 15 टक्के असेल, तर चांगल्या खसमधून येणारा वारा 28-29 अंशांवर उतरतो. मात्र कूलरला आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेव. दारं लावून कूलर चालवला की तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि लोक कूलरला नावं ठेवतात.

खस दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवी घाल. जुनी दाबली गेलेली असते, मधेमधे भोकं पडतात आणि वारा कोरडाच त्या भोकांतून आत येतो. हनीकोंब पॅड घेतलेस तर ते काही वर्षं टिकतात, पण बोअरच्या पाण्याने त्यांच्यावर पांढरे थर चढतात. पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात, आणि वरून नुसतं पाणी भरत गेलं की ते दाट होत जातात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी कर आणि आतून ब्रशने घासून काढ. घासणं महत्त्वाचं आहे. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. घरात लहान मूल आहे, तेव्हा रविवार चुकवू नकोस.

आता जे लिहितो ते दोनदा वाच आणि सासूबाईंनाही वाचून दाखव. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. ते टाळता येतं, म्हणून जास्त जीव जळतो. पत्र्याचा टब, त्यात पाणी, पाण्यात पंप. पंपाची वायर टबाच्या काठावरून येते. तिथे पत्र्याची धार तिला रोज थोडीथोडी कापते आणि एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. आयटीआयमध्ये मी मुलांकडून कूलर उघडून घ्यायचो, तेव्हा कितीतरी कूलरांत हिरवी वायर कापून, गुंडाळून, वरून काळी टेप मारलेली निघायची. ही हिरवी वायरच अर्थिंगची असते. तुझा कूलर इलेक्ट्रिशियनकडून उघडून घे. काठावर रबरी बूच बसव, तीन पिनांचाच टॉप लाव आणि सॉकेटला अर्थिंग खरोखर पोचतं का, ते मोजून घे. बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसव. एमसीबी तारांना वाचवतो, अंगातून जाणारा करंट त्याला कळत नाही. आणि पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं धरू नकोस, पिन काढूनच हात लाव. हा नियम घरातल्या प्रत्येकाला.

एवढं केल्यावर एसीचा विचार कर, माझा विरोध नाही. जुलैत 32 अंशांत ओल 75 टक्क्यांवर गेली की कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो. सासूबाईंना दमा आहे, त्या दिवसांत त्यांच्या खोलीला एसी हवाच. मग एकाच खोलीला घ्या, आणि ती खोली नीट बंद होणारी असू दे. दोन्ही यंत्रं एकत्र चालवू नका, कूलर घालतो ती ओल काढण्यातच एसी दमेल.

बसवणाऱ्याकडून नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून घे, "गरज नाही ताई" म्हणाला तरी. आउटडोअरला सावली मिळाली तर उत्तम, पण त्याच्यासमोर भिंत नको. गाळणी पंधरा दिवसांनी तू स्वतः धू. दर वर्षी कुणी "गॅस कमी झाला" म्हणून भरून देत असेल तर आधी गळती दाखवायला सांग, बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नसतो. आजकालच्या बऱ्याच एसींतला आर-32 थोडा ज्वलनशील असतो, म्हणून शिकलेल्याच माणसाला हात लावू दे. तापमान 24 वर ठेव. 2020 पासून स्टार लेबलच्या एसीत तेच आधीपासून लावलेलं येतं, रिमोट हातात आला की लोक 18 वर नेतात. 18 ने खोली लवकर गार होत नाही, मशीन थांबत नाही एवढंच.

मीटरजवळच्या बोर्डाचा झाकण उघडं असलेला फोटो पाठव, आणि कूलरच्या मागच्या बाजूचाही. कोणता आरसीसीबी बसेल आणि एसीला वेगळी वायर ओढावी लागेल का, ते बघून कळवतो. सासूबाईंना नमस्कार, छोटूला पापा.

तुझा,
मामा