तारकर्लीच्या स्कूबाआधी तिथी बघा

तारकर्लीला स्कूबासाठी निघणारे पर्यटक जोडून आलेल्या सुट्ट्या बघून तारीख ठरवतात. त्यांनी त्याच कॅलेंडरमध्ये तिथीही बघायला हवी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाण्याला ओढ जास्त असते आणि तळाचा गाळ ढवळून वर येतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो; भरती-ओहोटीतला फरक कमी होतो आणि पाणी त्या मानानं निवळ राहतं. मालवणच्या मच्छीमारांना हे सांगावं लागत नाही. आमच्या गटाची सहल नेमकी अमावस्येला लागून आलेल्या शनिवार-रविवारी ठरली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरलेल्यांना हातभर अंतरापलीकडचं काही दिसलं नाही.

दिवसासारखी वेळही महत्त्वाची. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा वाढतात, म्हणून सकाळची पहिली बोट धरावी.

आणि मे संपता संपता जाण्याचा हट्ट धरू नये. 24 मे 2022 रोजी स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. पावसाळ्यापूर्वीचा समुद्र असा अचानक फिरतो. लाइफ जॅकेट जाताना घालतात तसंच परततानाही अंगावर हवं, आणि बोटीत जास्त माणसं दिसली तर खुशाल खाली उतरावं. पैसे बुडाले तरी चालतील.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते स्वतःच्या तब्येतीकडे. पाण्यात उतरण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण याबद्दल प्रश्न असतात. रांगेत उभे असलेले लोक न वाचताच सगळीकडे ‘नाही’ लिहून सही करतात. आमच्यातल्या एका तरुणाला दोन दिवस सर्दी होती. त्यानंही तेच केलं. पाण्यात जेमतेम दोन-तीन मीटरवर त्याच्या कानात कळ आली. प्रशिक्षकानं त्याला लगेच वर आणलं, हे योग्यच झालं.

त्याचं कारण साधं आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्यातला मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच कानाच्या पडद्याला जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशाकडून कानात हवा जाते आणि दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्याआधीच करायचं असतं. सर्दीत ती वाट बंद असते. गोळी घेऊन उतरलं तर तिचा असर पाण्यातच ओसरू शकतो. वर येताना श्वास रोखणं तर त्याहून घातक: दाब कमी होतो तशी फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा करते. म्हणून श्वास सतत चालू ठेवावा.

दर विचारण्याआधी हे प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं? एका पर्यटकामागे एक प्रशिक्षक असेल का? आधी उथळ पाण्यात सराव करून घेतात का? बोटीवर ऑक्सिजनची सोय आहे का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जावं. तारकर्लीतच पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथे तलावात शिकवतात. ज्यांना नीट शिकायचं आहे त्यांनी घाईच्या फेरीपेक्षा तिथला अभ्यासक्रम करावा, असं माझं ठाम मत आहे.

परतीचा बेतही आधीच आखावा. एकदाच उतरलेल्यांनी विमानाआधी निदान 12 तास, अनेकदा उतरलेल्यांनी निदान 18 तास थांबावं, असा प्रचलित सल्ला आहे. मोपा किंवा चिपीहून संध्याकाळचं विमान आणि त्याच सकाळी स्कूबा, हे जमवू नये. आंबोली घाटही सुमारे 690 मीटर उंचीवर नेतो. खोल किंवा वारंवार उतरलेल्यांनी तो रस्ताही लगेच धरू नये. स्कूबा पहिल्या दिवशी ठेवा, किल्ला आणि बाजार दुसऱ्या दिवशी.