कसाऱ्याला झोपेत बसणारा धक्का

प्रश्न : आम्ही नाशिकरोडचे. मुलगी मुंबईत शिकते. सुट्टी लागली की तिला घेऊन मुंबईहूनच रात्रीच्या गाडीने नागपूरला तिच्या आजोळी जातो. जरा डोळा लागतो तोच कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून धक्का बसतो. इगतपुरीला पुन्हा थांबते. परतीला इगतपुरीला थांबूनही असा धक्का बसत नाही. मुंबईहून राजधानीने दिल्लीला गेलो तेव्हा तर काहीच जाणवलं नाही. असं का? हा वेळ वाचवता येणार नाही का?
– एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

उत्तर : तुम्हाला जाणवतो तो धक्का ‘बँकर’चा. कसाऱ्यानंतर थळ घाट सुरू होतो. कसारा ते इगतपुरी हे अंतर जेमतेम १५ किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी सुमारे ३०० मीटर वर चढते. जिथे चढ सर्वांत तीव्र आहे तिथे त्याचं प्रमाण १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपल्या देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरच्या सर्वांत तीव्र चढांपैकी हा एक. चढावर मदतीला म्हणून गाडीच्या मागे इंजिनं जोडतात, त्यांना रेल्वेत बँकर म्हणतात. बहुधा दोन असतात, वजन जास्त असेल तर तीनही लावतात.

सपाट रुळावर एक टन वजन ओढायला काही किलोंचा जोर पुरतो. या तीव्र चढावर मात्र प्रत्येक टनामागे २७ किलोंचा जोर वर खेचण्यातच जातो. २२ डब्यांची भरलेली गाडी हजार टनांहून जड असते. म्हणजे २७ टनांहून अधिक जोर निव्वळ चढासाठी हवा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार घट्ट धरत नाही, त्यामुळे एकट्या इंजिनाची चाकं जागच्या जागी घसरू लागतात. पावसाळ्यात तर जास्तच.

मग जास्तीची इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण सगळ्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे जोडणीवर, येईल. मागून ढकललं की ताण वाटला जातो. त्याहून मोठं कारण सुरक्षेचं. चढावर कुठे कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे उताराला लागू नयेत म्हणून मागे इंजिन उभं असलेलं बरं. बँकर हळूच येऊन शेवटच्या डब्याला टेकतो, कपलिंगमधली ढील डब्यामागून डबा आवळत जाते आणि तो हेलकावा तुमच्या बर्थपर्यंत पोचतो. मागच्या डब्यांत तो जास्त जाणवतो. इगतपुरीला बँकर सुटतात, म्हणून तिथला थांबा.

परतीला गाडी उतरणार असते, तेव्हा ढकलण्याची गरज नसते. पण घाट चढण्यापेक्षा उतरणं जोखमीचं. म्हणून इगतपुरीला ब्रेक नीट लागतात ना, हे पाहूनच गाडी पुढे सोडतात. शिवाय उतारावर कॅच सायडिंग आहेत. गाडी आवरेनाशी झाली तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन थांबवण्यासाठी केलेला हा जादा रूळ.

राजधानीचं कोडंही सोपं आहे. मुंबईहून नाशिकरोडमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी १९ जानेवारी २०१९ रोजी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिनं लावली गेली. मागचं इंजिन मुंबईहूनच सोबत असल्याने कसाऱ्याला बँकरची वाट पाहावी लागत नाही. वंदे भारतमध्ये तर मोटारी गाडीभर वाटलेल्या असतात, त्यामुळे शिर्डीची वंदे भारतही बँकरविना घाट चढते. म्हणजे वेळ वाचवता येतो, पण त्यासाठी गाडीची रचनाच बदलावी लागते. जुन्या पद्धतीच्या गाडीत बँकर टाळणं शहाणपणाचं नाही.

आणखी एक. पूर्वी इगतपुरीचा थांबा याहून लांब असे. १९३० पासून मुंबई ते इगतपुरी डीसी वीज होती, इगतपुरीच्या पलीकडे नंतर एसी आली. त्यामुळे बहुतेक गाड्यांचं इंजिनच इथे बदलावं लागे. या मार्गाचं एसीकरण टप्प्याटप्प्याने होऊन २०१५ मध्ये पूर्ण झालं आणि ती अदलाबदल संपली. घाटाचा चढ मात्र १ जानेवारी १८६५ रोजी हा मार्ग खुला झाला तेव्हापासून चुकलेला नाही. बोगदे आणि पूल बांधत तेव्हाच्या पिढीने सह्याद्रीतून रूळ वर आणले, म्हणून नाशिक मुंबईशी जोडलं गेलं.

तेव्हा कसाऱ्याला गाडी थांबली तर ‘उगाच रखडली’ असं मुलीला सांगू नका. त्या वेळी पॉइंट्समन अंधारात रुळांवर उतरून कपलिंग पाहत असतो, आपल्या झोपेची काळजी तो वाहतो. गाडी तिथे प्रवाशांसाठी थांबलेली नसते, म्हणून खाली उतरू नका. दारातही उभं राहू नका. टेबलावर पाण्याची बाटली उघडी ठेवू नका. वरच्या बर्थवर मूल असेल तर त्याला आतल्या बाजूला झोपवा.

आणि एकदा हे सारं उजेडात दाखवायचं असेल, तर मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने या. मागच्या डब्यात जागा मिळाली तर कसाऱ्याला खाली न उतरता बँकर जोडताना ऐकू येईल आणि पुढे एहेगावचा उंच पूलही दिसेल.