गाडी दारापर्यंत, पण दार कुठे?

प्रश्न : आईबाबांना घेऊन इटलीतल्या पोसितानोला जायचं आहे. नेपल्सच्या विमानतळावरून खासगी गाडी ठरवली, ‘थेट हॉटेलपर्यंत’ म्हणून. आता हॉटेलवाले कळवतात, गाडी थांबेल तिथून 80 पायऱ्या आहेत. मग जास्तीचे पैसे कशाचे? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. ड्रायव्हर कितीही भला असला तरी पुढे रस्ताच नाही, त्याला तो तरी काय करणार!

पोसितानो डोंगराच्या अंगावर वसलंय. एकाचं अंगण म्हणजे जवळजवळ दुसऱ्याचं छप्पर. गाड्यांसाठी गावात मुख्य रस्ता एकच, तोही एकेरी. वरच्या किनारी रस्त्यावरून तो किएझा नुओव्हापाशी खाली वळतो, वळसे घेत पियाझ्झा देई मुलिनी या चौकात येतो आणि पुन्हा वर चढून किनारी रस्त्याला मिळतो. चौकाच्या खाली समुद्रापर्यंत पायीच जायचं. दोन वळशांच्या मधल्या घरांनाही पायऱ्याच. नकाशात हॉटेल रस्त्याला चिकटलेलं दिसतं, पण नकाशाला उंची कळत नाही. 80 पायऱ्या म्हणजे लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीचे चार मजले धरा.

म्हणून हॉटेलला तीन गोष्टी विचारा : गाडी नेमकी कुठे थांबवायची, तिथून पायऱ्या किती, आणि चढायच्या की उतरायच्या? उत्तर ड्रायव्हरला आधीच पाठवा. थांबा चुकला तर एकेरी रस्त्यावर मागे येता येत नाही, अख्खी प्रदक्षिणा घालावी लागते. बॅगांसाठी हमाल मिळतात. त्यांचे पैसे वेगळे. आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील, तर रस्त्यालगतचंच हॉटेल बघा. येताना उतरलेल्या पायऱ्या जाताना चढायच्या असतात, हे जेजुरीला जाऊन आलेल्यांना सांगायला नको.

खासगी गाडी लवकर पोचते, हाही एक समज. अंतर साठेक किलोमीटर, वेळ दीड तास, गर्दीत त्याहून बराच जास्त. अरुंद वळणावर समोरून बस आली की तुमची गाडीही मुकाट्याने मागे सरते.

तरी पैसे वाया नाहीत. पोसितानोला रेल्वे नाही. आगगाडीने सोरेंतोपर्यंत जाऊन पुढे बस पकडायची, म्हणजे बॅगा दोनदा चढवा-उतरवा. स्वतः भाड्याची गाडी चालवावी म्हणाल, तर उन्हाळ्याच्या गर्दीत ठरावीक दिवशी या रस्त्यावर नंबरप्लेटचा सम-विषम नियम लागतो. टॅक्सी आणि चालकासह भाड्याने दिलेल्या परवानाधारक गाड्यांना त्यातून सूट आहे. शिवाय पार्किंगचे दर पाहून नंतर जेवणावर मन लागत नाही.

आणखी एक. जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. ज्यांना देखावा बघायचाय त्यांना त्या बाजूला बसवा. गाडी लागत असेल त्यांना मात्र पुढे बसवा, आणि आवळा सुपारी बॅगेच्या तळाशी नको, खिशात ठेवा.